दोष प्रोग्रामचा की यंत्राचा?

बिल छापता छापता संगणक अचानक बंद पडतो. पुन्हा चालू केला की दोन दिवस सुरळीत चालतो, मग हिशेबाचा प्रोग्राम अडतो. दुरुस्तीवाला विंडोज नव्याने टाकून मजुरी घेऊन जातो आणि आठवड्याने पुन्हा तीच रड! असा खर्च करण्यापूर्वी व्यापारी व कारागीर बंधूंनी थोडी पारख स्वतः करावी.

तेच काम केले की दर वेळी तीच चूक येत असेल, तर दोष बहुधा प्रोग्रामचा असतो. पण चूक आज बिलात, उद्या इंटरनेटवर, परवा संगणक सुरू होतानाच, अशी जागा बदलत असेल तर यंत्रावर संशय घ्यावा. यासाठी तारीख, वेळ आणि पडद्यावरील संदेश वहीत टिपून ठेवावा.

पहिला संशय रॅमवर. तिच्या असंख्य कप्प्यांपैकी एखादाच खराब असला, तर माहिती त्या कप्प्यात पडते तेव्हाच चूक होते. म्हणून ती अधूनमधून दिसते. खरा धोका असा की, बिघडलेला आकडा गुपचूप फाइलमध्ये जतन होऊ शकतो. म्हणून सर्वप्रथम हिशेबाची नवी प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी. जुनी चांगली प्रत पुसू नये.

२००७ च्या व्हिस्टापासून विंडोजमध्येच ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ ही तपासणी मिळते. अधिक कसून तपासायचे तर ‘मेमटेस्ट८६’ हा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. त्यात एक चूक निघाली तरी ती दुर्लक्षू नये.

मग संगणक बंद करून, वायर काढून, रॅमच्या पट्ट्या पुन्हा घट्ट बसवाव्यात आणि एकेक पट्टी लावून तपासावी. एकच पट्टी प्रत्येक खाचेत चूक दाखवत असेल तर पट्टी खराब. कोणतीही पट्टी एकाच खाचेत चुकत असेल तर दोष मदरबोर्डचा समजावा.

रॅम निर्दोष ठरली तर पंख्यातील धूळ, पॉवर सप्लाय व हार्ड डिस्क पाहावी. डिस्कची प्रकृती ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्राम दाखवतो. मात्र एका वेळी एकच भाग बदलावा. दोन भाग एकदम बदलले तर दोष कोणाचा होता ते कळत नाही आणि चांगल्या भागाचे पैसे वाया जातात.