१८ ऑगस्टची पिवळी रेषा

वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापल्या जाणाऱ्या दिनविशेषांच्या चौकटीत १८ ऑगस्ट या तारखेखाली थोरल्या बाजीरावांचा १७०० सालचा जन्म, असफ हॉल या ज्योतिर्विदास १८७७ साली लागलेला मंगळाच्या फोबॉस या उपग्रहाचा शोध आणि १८६८ सालचा 'हेलियमचा शोध' अशा परस्परांशी सुतराम संबंध नसलेल्या गोष्टी गुण्यागोविंदाने नांदत असतात. पैकी पहिल्या दोहोंविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तिसरी नोंद मात्र, दप्तरात रुजू करण्यापूर्वी, थोडी तपासून घेण्याजोगी आहे.

त्या दिवशी एडनपासून विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण या वाटेने सयामच्या आखातापर्यंत खग्रास सूर्यग्रहण दिसले, आणि त्याची खग्रास अवस्था काही ठिकाणी पावणेसात मिनिटांहूनही अधिक काळ टिकली. सयामचा राजा मोंगकुट याने या ग्रहणाचे गणित स्वतः मांडले, दलदलीच्या प्रदेशात छावणी उभारून युरोपीय पाहुण्यांना तेथे पाचारण केले, आणि तेथेच जडलेल्या हिवतापाने १ ऑक्टोबर रोजी प्राण सोडला. त्याच्या स्मरणार्थ थायलंडात आजही १८ ऑगस्ट हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. निरीक्षकांपुढील प्रश्न असा होता की, खग्रास अवस्थेत चंद्रबिंबाच्या कडेशी दिसणाऱ्या तांबूस ज्वाला कशाच्या बनलेल्या आहेत? वर्णपटदर्शकातून पाहिले असता त्यांचा प्रकाश अखंड पट्ट्याच्या रूपाने न दिसता सुट्या तेजस्वी रेषांच्या रूपाने दिसला, आणि या ज्वाला तप्त वायूंच्या आहेत हे निश्चित झाले.

त्या रेषांत एक पिवळी होती. तिच्याकडे त्या दिवशी फारसे कोणी लक्ष दिले नाही. सोडियमची पिवळी जोडरेषा तेथेच जवळ असते, तेव्हा ही तीच असावी असे बहुतेकांनी गृहीत धरले. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन यांनी मच्छलीपट्टण येथून ती सोडियमच्या जागी किंवा तिच्या जवळपास असल्याचे नोंदवले, आणि माझ्या मते त्या दिवसाच्या साऱ्या कागदपत्रांत हा 'किंवा'च सर्वांत मोलाचा आहे. गुंटूर येथे असलेल्या फ्रेंच ज्योतिर्विद प्येर जान्सेन यांना निराळीच कल्पना सुचली होती: वर्णपट पुरेसा लांब ताणला तर आकाशातील विखुरलेला सूर्यप्रकाश पसरून फिका पडेल, परंतु ज्वालांच्या रेषा मुळातच अरुंद असल्यामुळे त्यांचे तेज तसेच राहील, आणि मग ग्रहणाची वाट पाहण्याचे प्रयोजनच उरणार नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी भर उन्हात त्या ज्वाला पाहिल्या.

इकडे इंग्लंडात नॉर्मन लॉकियर हे युद्धखात्यातील कारकून फावल्या वेळी हाच विचार करीत होते. ग्रहण न पाहताच २० ऑक्टोबर रोजी त्यांना त्या रेषा सापडल्या. जान्सेन यांचे हिंदुस्थानातून निघालेले पत्र आणि लॉकियर यांचे वृत्त पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत आले, आणि फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्या मुद्रा असलेले एकच पदक पाडून प्राधान्याचा तंटा मिटवला. (अशी तडजोड शास्त्रज्ञांच्या जगात विरळाच.) पुढील मोजमापांत पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरच्या ठिकाणी ठरली, तर सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ या स्थानी आहेत. म्हणजे ती परकी होती; सूर्यावरच्या एखाद्या अनोळखी मूलद्रव्याची, ज्याला हेलियम हे नाव मिळाले, असा तर्क निघाला. तिचा धनी पृथ्वीवर सापडेना, आणि पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांनी त्या सौर मूलद्रव्याकडे संशयानेच पाहिले. अखेर १८९५ च्या मार्चमध्ये विल्यम रॅम्से यांनी लंडनमध्ये युरेनियमयुक्त क्लेव्हाइट खनिजातून आरगॉन मिळवण्याच्या खटपटीत जो वायू काढला, त्याच्या वर्णपटात तीच रेषा उमटली. ज्या शोधाला असे सत्तावीस वर्षांचे पल्ले आहेत, त्याला कोणता एक दिवस द्यायचा, हे दिनविशेषकाराने ठरवावे.

आपल्याकडे विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो आणि 'साहेबाचे ओटे' दाखवून लॉकियर यांनी तेथूनच हेलियम शोधला असे सांगितले जाते. वस्तुतः १८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होते. ते विजयदुर्गी आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरील लोकांना वेधाच्या कामी लावून. हेलियम त्यापूर्वीच रॅम्से यांच्या नळीत बंदिस्त झाला होता. दोन ग्रहणांची अशी सरमिसळ झाल्यामुळे, त्याच १८९८ च्या ग्रहणाचे वेध घेण्यासाठी सोलापुराकडील जेऊर येथे ठाण मांडणारे पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला मात्र दिनविशेषांतून साफ गळाले. उत्सव २२ जानेवारीला हलवण्याची तजवीज झाली तर त्यांचीही आठवण निघेल, आणि जमलेल्या मंडळींना भर श्रावणसरींत छत्र्या सावरीत सूर्याविषयी व्याख्यान ऐकण्याची पाळीही येणार नाही.