मोटरहोमच्या टायरमध्ये हवा किती?

मोटरहोमच्या टायरमध्ये हवा किती ठेवायची, हे त्या टायरवर प्रत्यक्ष किती वजन येते त्यावरून ठरते. गाडीचा बहुतेक भार आत कोंडलेली हवाच पेलत असते. साध्या मोटारीत सामानाने वजन फारसे बदलत नाही. मोटरहोममध्ये मात्र फ्रीज, बॅटऱ्या, जनरेटर, गॅसच्या टाक्या असा संसारच लादलेला असतो. पाण्याची 150 लिटरची टाकी भरली की 150 किलो वाढतात, आणि पुष्कळदा ते गाडीच्या एकाच अंगाला.

टायरच्या बाजूवर छापलेला दाब हा ‘इतकी हवा भरा’ असा आदेश नसतो. त्या टायरची कमाल भारक्षमता मिळायला किती दाब लागेल, ते तो आकडा सांगतो. अमेरिकेत फोर्ड ई-450 च्या चॅसीवर बांधलेली मोटरहोम सर्रास दिसतात. त्यांना पुढे दोन आणि मागे जोडीने चार, असे एलटी 225/75 आर 16 मापाचे सहा टायर असतात. हा टायर 80 पीएसआयला एकटा 1215 किलो पेलतो, पण जोडीत 1120 किलोच. 65 पीएसआयला हेच आकडे 1060 आणि 975 होतात. जोडीतल्या दोन टायरांवर भार कधीच अगदी सारखा पडत नाही, म्हणून तिथे क्षमता कमी धरतात.

म्हणून आधी वजनकाटा गाठावा. अमेरिकेत महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर असे काटे असतात. पाणी, इंधन, सामान, माणसे यांसह, म्हणजे प्रवासाला निघताना असेल तशीच गाडी काट्यावर न्यावी आणि शक्य तिथे डाव्या-उजव्या बाजूंचे वजन वेगवेगळे घ्यावे. समजा, मागच्या डाव्या जोडीवर 2000 किलो आले आणि उजवीवर 1820. सरासरी काढली तर प्रत्येक टायरला 955 किलो येतात आणि 65 पीएसआय पुरेसा वाटतो. प्रत्यक्षात डावीकडचा प्रत्येक टायर 1000 किलो वाहतो आहे, म्हणजे 65 ला तो क्षमतेबाहेर गेला. जड बाजूचा आकडा धरावा, टायर कंपनीच्या तक्त्यात त्याहून वरची पायरी घ्यावी आणि त्या धुऱ्यावरच्या सगळ्या टायरांत तेवढीच हवा ठेवावी. वर थोडी जास्त ठेवणे शहाणपणाचे, मात्र टायरची आणि रिमची मर्यादा ओलांडू नये. धुऱ्याच्या क्षमतेपेक्षाच वजन जास्त भरले, तर हवा वाढवून उपयोग नाही, सामानच उतरवावे लागते. वजन करणे जमेपर्यंत गाडीवरच्या पट्टीवर निर्मात्याने दिलेला दाब पाळावा.

युरोपात फियाट ड्युकाटोवरची मोटरहोम जास्त. त्यांच्यासाठी ‘सीपी’ खुणेचे खास टायर मिळतात आणि मागच्या धुऱ्यावर सहसा 5.5 बार, म्हणजे सुमारे 80 पीएसआय दाब सांगितला जातो.

हवा कमी असणे हे जास्त असण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे. टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला दबतात, आतल्या आत तापतात, थर सुटू लागतात आणि भर वेगात टायर फुटतो. हवा जास्त झाली तर रस्त्यावरची पकड घटते, मधला पट्टा लवकर झिजतो आणि घरातली भांडीकुंडी हादरत राहतात.

दाब नेहमी थंड टायरचा मोजावा, गाडी निदान तीन तास उभी असताना. दुपारी 30 अंशांत 80 पीएसआय भरलेला टायर पहाटे 5 अंशांत सुमारे 72 दाखवतो. उलट, चालून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला, तरी हवा सोडू नये. ती वाढ तक्त्यात गृहीतच धरलेली असते.

जोडीतल्या आतल्या टायरकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. त्याची हवा गेली तरी बाहेरून कळत नाही, आणि शेजारचा टायर दोघांचा भार वाहत राहतो. अमेरिकेत 2007 पासून नव्या मोटारींना दाब कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली, पण साडेचार टनांहून जड आणि जोडचाकांच्या गाड्या त्या नियमात नाहीत. त्यामुळे मोटरहोमच्या मालकाला दाबाचे सेन्सर पुष्कळदा स्वतः बसवून घ्यावे लागतात. व्हॉल्व्हवर चढवायचे सेन्सर घेतल्यास रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचे लावावेत, कारण सेन्सरच्या वजनाने रबराला तडे जाऊन तिथूनच हवा निसटू लागते.