विश्लेषण : ‘जादुई’ ठरायला हवा होता तो ऑक्सिजन क्षणात का फुटला?

आठ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन. पाठ्यपुस्तकातील नियमानुसार अशी रचना असलेले अणुकेंद्रक अत्यंत भक्कम असायला हवे. मात्र जपानमधील ‘रिकेन’ या संशोधन संस्थेत हे केंद्रक, म्हणजेच ऑक्सिजन-२८, प्रथमच नोंदवले गेले तेव्हा ते तयार होताच फुटल्याचे दिसले. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने सात दशकांहून जुन्या नियमाची मर्यादा दाखवून दिली. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये विश्वात कशी घडली, याचे गणितही याच नियमाशी जोडलेले आहे.

‘जादुई संख्या’ म्हणजे काय?

अणूच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. प्रोटॉनच्या संख्येवरून मूलद्रव्य ठरते. न्यूट्रॉनची संख्या बदलली की त्याच मूलद्रव्याचे वेगळे समस्थानिक तयार होते. अणूतील इलेक्ट्रॉन जसे कवचांमध्ये विभागलेले असतात, तशीच कवचे केंद्रकातही असतात. एखादे कवच पूर्ण भरले की केंद्रक अधिक स्थिर होते. २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि १२६ या संख्यांना कवच पूर्ण भरते, म्हणून त्यांना ‘जादुई संख्या’ म्हणतात. मारिया गोपर्ट-मायर आणि हान्स येन्सेन यांनी १९४९ मध्ये स्वतंत्रपणे याचे स्पष्टीकरण दिले. त्यासाठी १९६३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात दोघांना वाटा मिळाला. मेरी क्युरी यांच्यानंतर हा पुरस्कार मिळवणाऱ्या गोपर्ट-मायर या दुसऱ्या महिला.

ऑक्सिजन-२८ कडून अपेक्षा काय होती?

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन या दोघांचीही संख्या जादुई असेल तर केंद्रक ‘दुहेरी जादुई’ ठरते. हेलियम-४, कॅल्शियम-४० आणि शिसे-२०८ ही त्याची उदाहरणे. आपण श्वासातून घेतो तो ऑक्सिजन जवळपास सगळा ऑक्सिजन-१६ असतो. त्यात आठ प्रोटॉन व आठ न्यूट्रॉन, म्हणजे तोही दुहेरी जादुईच. ऑक्सिजन-२८ मध्ये ८ आणि २० अशी जोडी येते. त्यामुळे प्रोटॉनच्या अडीचपट न्यूट्रॉन असूनही हे केंद्रक टिकून राहील, असे अनेक गणिते सांगत होती. पण १९९० च्या दशकातील प्रयोगांत ते टिकलेल्या स्वरूपात सापडले नाही आणि शंका सुरू झाली. तरीही एक प्रश्न उरलाच होता : ते फुटत असले तरी फुटण्याआधी त्याची रचना जादुई असते का? याचे उत्तर द्यायचे तर ते प्रत्यक्ष तयार करणे भाग होते.

प्रयोग कसा करण्यात आला?

टोकियोजवळच्या वाको शहरातील रिकेनच्या केंद्रात अतिवाहक सायक्लोट्रॉन आहे. त्यात कॅल्शियम-४८ च्या केंद्रकांना प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेग देऊन बेरिलियमवर आदळवण्यात आले. या टकरीतून अनेक तुकडे उडतात. त्यांतून चुंबकांच्या साहाय्याने फक्त फ्लोरिन-२९ ची केंद्रके निवडण्यात आली. फ्लोरिनमध्ये ऑक्सिजनपेक्षा एक प्रोटॉन जास्त असतो. ही केंद्रके द्रवरूप हायड्रोजनवर आदळली तेव्हा काहींमधला एक प्रोटॉन उडाला आणि ऑक्सिजन-२८ उरला.

तो किती काळ टिकला? सेकंदाचे एकावर २१ शून्ये इतके भाग केले तर त्यातल्या साधारण एका भागाएवढा. मग त्यातून चार न्यूट्रॉन निसटले आणि मागे ऑक्सिजन-२४ राहिला. इतक्या कमी वेळात तो ‘पाहणे’ शक्यच नव्हते. संशोधकांनी फुटून निघालेले पाचही कण एकाच वेळी टिपले आणि त्यांच्या वेगांवरून व दिशांवरून मूळ केंद्रकाचा हिशेब मांडला. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्याने तो पकडणे कठीण असते. एकाच घटनेतले चार न्यूट्रॉन पकडणे त्याहून कितीतरी कठीण. त्यासाठी जपानी यंत्रणेला जर्मनीतून आणलेल्या न्यूट्रॉन डिटेक्टरची जोड देण्यात आली. याच प्रयोगात ऑक्सिजन-२७ देखील प्रथमच नोंदवला गेला.

मग नियम चुकीचा ठरला का?

पूर्णपणे नाही. फ्लोरिनमधून प्रोटॉन उडण्याचे प्रमाण मोजल्यावर असे दिसले की, ऑक्सिजन-२८ मध्ये २० न्यूट्रॉनचे कवच घट्ट बंद झालेले नाही. म्हणजे २० ही संख्या इथे जादुई उरत नाही. सोडियम आणि मॅग्नेशियमच्या न्यूट्रॉनबहुल समस्थानिकांत हे आधीच आढळले होते. याउलट २८ प्रोटॉन आणि ५० न्यूट्रॉनचे निकेल-७८ हेही असेच दुर्मीळ केंद्रक. ते मात्र दुहेरी जादुई असल्याचे रिकेनमध्येच दिसून आले आणि ते संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. थोडक्यात, स्थिर केंद्रकांवरून बांधलेला नियम टोकाच्या केंद्रकांना सरसकट लावता येत नाही. कुठे टिकतो आणि कुठे मोडतो, हे प्रत्येक ठिकाणी तपासावे लागते.

सिद्धान्तात काय सुटले होते?

ऑक्सिजन जास्तीत जास्त १६ न्यूट्रॉन धरून ठेवू शकतो. पण फक्त एका प्रोटॉनची भर पडून फ्लोरिन झाला की २२ न्यूट्रॉन टिकतात. एका प्रोटॉनने इतका फरक का पडावा, हे कोडे होते. जपानी आणि जर्मन सिद्धान्तकारांनी २०१० मध्ये त्याचे एक उत्तर मांडले. पूर्वीची अनेक गणिते कणांच्या जोडीजोडीतील बलांचा हिशेब करत. मात्र तीन कण जवळ आले की निराळे बलही काम करते. दोघांच्या बोलण्याचा सूर तिसरा आल्यावर बदलावा, तसे. हे ‘त्रिकण बल’ धरले की ऑक्सिजनमधल्या जादा न्यूट्रॉनना जागा का मिळत नाही, हे समजते. ऑक्सिजन-२८ च्या मोजमापांमुळे आता अशा गणितांची कसोटी घेता येते.

याचा सोन्याशी संबंध काय?

सोने, प्लॅटिनम, युरेनियम यांसारखी जड मूलद्रव्ये घडायला न्यूट्रॉनचा प्रचंड मारा लागतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या. पाठोपाठ दुर्बिणींना जड मूलद्रव्ये तयार होत असल्याच्या खुणा दिसल्या. अशा टकरीत केंद्रके भराभर न्यूट्रॉन गिळतात, टोकाची न्यूट्रॉनबहुल होतात आणि मग क्षय पावत स्थिर होतात. या वाटेवर जादुई संख्यांपाशी साखळी रेंगाळते. म्हणून कोणते मूलद्रव्य किती तयार होईल, हे त्या संख्यांवर बरेच अवलंबून असते.

ऑक्सिजन-२८ स्वतः सोन्यापर्यंतच्या या वाटेवरचा मुक्काम नाही. पण त्या वाटेवरची बहुतेक केंद्रके अजून कोणत्याच प्रयोगशाळेत मोजलेली नाहीत. त्यांच्यासाठी सिद्धान्तावरच विसंबावे लागते. हलक्या ऑक्सिजनमध्येच अंदाज चुकत असेल, तर जड केंद्रकांच्या अंदाजांवर किती भरवसा ठेवायचा, हा खरा प्रश्न आहे.

पुढे काय?

स्थिर समस्थानिकांची संख्या सुमारे २५०. प्रयोगांत आजवर ३ हजारांहून अधिक समस्थानिक पाहिले गेले, तर सैद्धान्तिक अंदाजानुसार सुमारे ७ हजार शक्य आहेत. उरलेल्यांच्या शोधासाठी अमेरिकेतील मिशिगन येथे २०२२ मध्ये नवे केंद्र सुरू झाले. जर्मनीत डार्मस्टाट येथे उभारल्या जात असलेल्या ‘फेअर’ प्रकल्पात भारतही भागीदार आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पेलेट्रॉन त्वरक १९८८ पासून आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांच्या या संयुक्त सुविधेत लिथियम, बेरिलियमसारख्या सैल बांधणीच्या केंद्रकांच्या अभिक्रियांचा अभ्यास झाला आहे. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरी टिपू शकणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ती हिंगोली जिल्ह्यात उभी राहायची आहे. आकाशातली टक्कर वेधशाळा टिपेल. तिच्यातून किती सोने निघाले, हे सांगायला मात्र प्रयोगशाळेत क्षणभर जगणाऱ्या केंद्रकांचीच मोजमापे लागतील.