गल्लियो
(इ. स. पहिले शतक). रोमन साम्राज्यातील अखया प्रांताचा राज्यपाल व तत्त्वज्ञ सेनिका याचा थोरला भाऊ. डेल्फाय येथील कोरीव लेखावरून त्याची कारकीर्द इ. स. ५१-५२ च्या सुमारास ठरते. ‘प्रेषितांची कृत्ये’ (१८ : १२–१७) या नव्या करारातील ग्रंथानुसार, करिंथ येथे ज्यूंनी पौलावर केलेली फिर्याद त्याने धर्मशास्त्राचा अंतर्गत वाद म्हणून फेटाळली. हा निर्णय योग्यच होता. तथापि नंतर जमावाने सभास्थानाचा अधिकारी सोस्थनेस यास न्यायासनासमोरच मारहाण केली, तेव्हाही तो उदासीन राहिला. ही मारहाण मात्र धर्मशास्त्राचा वाद नव्हती. मारणारे कोण, याविषयी हस्तलिखितांत एकवाक्यता नाही : काहींत नुसते ‘सर्व’, तर काहींत ‘सर्व ग्रीक’ असा पाठ आढळतो.