रहीम साहेबांचा वारसा

मनुष्य हयात असता त्याची स्तुती अथवा निंदा करणारे पुष्कळ भेटतात. पण त्याच्या कार्याची खरी परीक्षा त्याच्या पश्चात होते. त्याने लावलेली बाग त्याच्यामागे फुलली की सुकली, हे पाहूनच माळ्याचे मोल ठरवावे लागते. ही कसोटी आम्ही आज एका फुटबॉल शिक्षकाच्या आयुष्याला लावून पाहणार आहोत. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. लोक त्यांना आदराने ‘रहीम साहेब’ म्हणत.

दुबलगुंडीच्या वाचकांना हे गृहस्थ परके वाटू नयेत. आज हैदराबाद शहर परराज्यात गेले असले, तरी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला सारा बीदर जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. रहीम साहेबांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला, तेव्हा तो मान आपल्याच राज्याच्या राजधानीचा होता. त्याच संघाने १९५० साली बलाढ्य मोहन बागानला हरवून ड्युरँड चषकही आणला.

१७ ऑगस्ट १९०९ रोजी जन्मलेले रहीम साहेब पेशाने शाळामास्तर होते. हैदराबादच्या काचीगुडा आणि चादरघाट भागांतील शाळांत त्यांनी मुलांना शिकविले, आणि पुढे शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस होते, आणि १९५० नंतरच्या तपात भारतीय संघाच्या मोठमोठ्या मोहिमा त्यांच्याच हाताखाली झाल्या. परंतु या सर्व पदांत त्यांच्यातला मास्तर कधी लोपला नाही, आणि त्यांच्या यशाचे मूळ आम्हास तेथेच दिसते.

त्यांची शिकविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. चेंडू आपल्याच पायाशी खेळवीत बसण्याची हौस मुलांना फार असते. रहीम साहेब मुलांसाठी असे सामने भरवीत, की ज्यांत चेंडू मिळताच तो जोडीदाराकडे दिलाच पाहिजे. काही सामन्यांत केवळ कमजोर पायानेच खेळावयाचे. पहिल्या नियमाने स्वार्थाला लगाम बसे, दुसऱ्याने आळसाला. ज्या गुणांची वाण आहे तेच आधी कमवावयाचे, आणि कमावलेले इतरांच्या उपयोगी पाडावयाचे, ही शिस्त केवळ मैदानापुरती आहे असे कोण म्हणेल?

१९५१ साली दिल्लीस पहिले आशियाई सामने झाले, तेव्हा त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात इराणला १–० असे हरवून सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०–१ असा दारुण पराभव केला. आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. अपयश हाही एक गुरूच असतो. १९५६ साली मेलबर्नला त्याच युगोस्लाव्हियाशी उपांत्य फेरीत गाठ पडली, तेव्हा पहिला गोल भारताने केला. सामना आपण ४–१ असा गमावला खरा. तथापि त्या ऑलिंपिकमध्ये भारताने चौथा क्रमांक मिळविला, जो त्यानंतर त्याला पुन्हा साधलेला नाही.

तो पहिला गोल करणारा तरुण होता गोव्यातील आसगावचा नेव्हिल डिसोझा. त्याआधी यजमान ऑस्ट्रेलियावर ४–२ असा विजय मिळाला, त्यात त्याचे तीन गोल होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. त्याच संघात सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याच्या गरीब घरातला तुळशीदास बलराम होता. मुसलमान मास्तर, हिंदू, शीख व ख्रिस्ती शिष्य! रहीम साहेबांच्या मैदानावर कोणाची प्रार्थना कोणती, हा प्रश्न नव्हता. कोण कोणासाठी धावतो, एवढाच होता.

त्यांच्या आयुष्यातील शेवटचा मोठा प्रसंग १९६२ चा, जाकार्ताचा. फुप्फुसाच्या कर्करोगाने ते पोखरले गेले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २–० असे नमविले. बचावफळीतला जर्नेल सिंग डोक्याला टाके पडून जायबंदी झाला, तेव्हा रहीम साहेबांनी त्याला आघाडीस खेळविले. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर होता. राजकारणातील रुसव्यामुळे प्रेक्षकांचा प्रचंड समुदाय भारताविरुद्ध खवळलेला. पी. के. बॅनर्जी आणि त्या जर्नेल सिंगनेच गोल केले, मधल्या फळीत गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको झुंजला, आणि भारत २–१ असा विजयी झाला. नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीम साहेबांनी देह ठेवला.

आता कसोटीचा प्रश्न. मागे काय उरले? उत्तर कटू आहे. आशियाई सामन्यांतील सुवर्णपदक भारताला त्यानंतर मिळालेले नाही. १९७० चे बँकॉकचे कांस्यपदक हेच शेवटचे पदक. ज्या हैदराबादने राष्ट्रीय संघाला खेळाडूंमागून खेळाडू दिले, त्याचा फुटबॉल कालांतराने मागे पडला. याचा दोष एकट्या रहीम साहेबांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मैदाने आटली, पैसा व हौस क्रिकेटकडे वळली, कारभाऱ्यांची दृष्टी आखूड पडली. तरीही एवढे म्हणणे भाग आहे, की एका माणसाच्या खांद्यावर उभे राहिलेले कार्य, तो माणूस गेला की डळमळते. शिष्य घडले, पण शिष्य घडविणारी परंपरा पुरेशी रुजली नाही.

मात्र बाग अगदीच सुकली नाही. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात होते. पुढे ते आंतरराष्ट्रीय पंच व प्रशिक्षक झाले, आणि २०१७ साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २२ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांचे निधन झाले ते आपल्या कलबुर्गीतच. २०२४ साली निघालेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे रहीम साहेबांचे नाव नव्या पिढीच्याही कानी पडले.

आमच्या मते या आयुष्यातून आपल्या कुटुंबांनी दोन गोष्टी घ्याव्यात. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, ही समजूत सोडावी. संत पौलालाही श्रद्धेच्या जीवनासाठी शर्यतीतल्या धावपटूचाच दाखला द्यावासा वाटला. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. शाळेत, धर्मशिक्षणाच्या वर्गात, गायनवृंदात वा तरुणांच्या मंडळात जो जो कोणी काम पाहतो, त्याने आपल्यामागे ते काम चालवील असा एक तरी जण आपल्या हयातीतच तयार करावा. दाखल्यातल्या चाकराने मिळालेला तालांत जमिनीत पुरला, म्हणून तो अपराधी ठरला. रहीम साहेबांनी आपला तालांत पुरला नाही. मरणाच्या उंबरठ्यावरही तो कामी लावला. त्यांनी मिळविले ते पुढच्यांच्या हाती होते, आणि ते वाढविण्यात ते पुढचे उणे पडले. आपल्या गावात आपण तसे उणे पडू नये.