परदेशात शिकलो, आता पुढे? अनुभव आणि त्याचा पुरावा



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा आणि रेझ्युमेचा काय संबंध? संबंध आहे, आणि चांगला जुना आहे. एखादी गोष्ट मला ठाऊक आहे, पण ती दुसऱ्याला पटवायची कशी, हा आपल्याकडच्या न्यायशास्त्राचा मुख्य प्रश्न. रेझ्युमे लिहिणाऱ्यासमोर नेमका तोच प्रश्न असतो. आज आपण तो एका विशिष्ट गटापुरता पाहू: परदेशात एखादं सत्र किंवा एक-दोन वर्षं शिकून आलेली मुलं-मुली.

या विषयात गंभीर काय आहे, ते आधी सांगतो. मध्यमवर्गीय घरातून मूल बाहेर शिकायला जातं तेव्हा बहुधा कर्ज काढलेलं असतं, कधी घर तारण असतं. मूल परत येतं आणि हप्ता सुरू होतो. आणि त्याच वेळी नातेवाईक आणि कंपनीतले मुलाखत घेणारे एकच प्रश्न विचारतात, 'परत का आलात?' म्हणजे तिथं जमलं नाही का, असा त्याचा खरा अर्थ. दोन वर्षं जीव तोडून शिकलेल्या माणसाला स्वतःबद्दलच शंका यायला लागते. म्हणून हा विषय केवळ कागद नीट लिहिण्याचा नाही.

अनुभव म्हणजे काय?

पहिली गोष्ट. 'परदेशात राहिलो' ही घटना झाली. घटना आपोआप अनुभव होत नाही. जॉन ड्यूई हे अमेरिकन तत्त्वज्ञ कोलंबिया विद्यापीठात शिकवायचे. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३मध्ये तिथं गेले, तेव्हा ड्यूई त्यांचे शिक्षक होते. ड्यूईंनी पुढे १९३८मध्ये 'एक्सपिरियन्स अँड एज्युकेशन' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. त्यातला एक मुद्दा असा, की प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही. काही अनुभव तर पुढच्या शिकण्याची वाट अडवतात. ज्याच्यामुळे पुढचा अनुभव अधिक समृद्ध होतो, तो अनुभव शिक्षण देणारा.

ही कसोटी लावून बघा. दोन मुलं एकाच शहरात दोन वर्षं राहिली. एकाचे घरातले सोबती आपलेच, जेवण आपलंच, गप्पा आपल्याच. वर्गात जायचं, परत यायचं. दुसऱ्यानं गटातल्या अनोळखी मुलांशी भांडून, जुळवून घेऊन एक प्रकल्प पुरा केला. पासपोर्टवरचे शिक्के दोघांचे सारखेच. पहिल्याला मी नावं ठेवत नाही. एकटेपणात खिचडीचा आधार किती मोठा असतो, ते गेलेल्यालाच कळतं. पण 'मी परदेशात होतो' हे वाक्य दोघंही लिहू शकतात, आणि म्हणूनच त्या वाक्यातून काही सिद्ध होत नाही.

बाबासाहेबांचंच उदाहरण पुढे नेऊ. ते १९१७मध्ये परतले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोलंबियाची विद्या गाठीशी, तरी जातीमुळे त्या शहरात राहायला जागा मिळेना आणि ती नोकरी सोडावी लागली. पदवी कितीही मोठी असली तरी समोरच्याचे डोळे ती आपोआप उघडत नाही, हे याहून कठोरपणे कुठे दिसणार? पण हेही बघा. लंडनला पुन्हा जाऊन त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तो १९२३मध्ये पुस्तकरूपानं आला, आणि पुढे भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली. तिथं ते 'मी लंडनला शिकलो' एवढंच सांगायला गेले नव्हते. शिकलेलं घेऊन इथल्या प्रश्नाला भिडले. त्यांची उंची आपल्याला गाठायची नाही, दिशा मात्र घेता येते.

रेझ्युमे म्हणजे परार्थानुमान

आता न्यायशास्त्राकडे येतो. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त अनुमानाचे दोन प्रकार सांगितलेत. स्वार्थानुमान म्हणजे स्वतःपुरतं. डोंगरावर धूर पाहिला, मनात म्हटलं आग आहे, झालं. परार्थानुमान म्हणजे दुसऱ्याला पटवण्यासाठी मांडलेलं. तिथं पाच पायऱ्या लागतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर आहे. जिथं धूर तिथं आग, जसं स्वयंपाकघरात. हा डोंगरही तसाच धुराचा आहे. म्हणून तिथं आग आहे.

आपल्या मुलांची अडचण ही, की ती स्वार्थानुमानावर थांबतात. 'मला माहितीये मी किती बदललोय!' अरे, तुला माहितीये. समोरचा तिथं नव्हता. त्याच्यापुढे दोनशे कागद आहेत आणि तुझ्यासाठी मिनिटही नाही.

समजा, सांगलीची एक मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला जलअभियांत्रिकी शिकून आली आणि पुण्यात नोकरी शोधतेय. तिच्या कागदावर लिहिलंय, 'विविध संस्कृतींच्या लोकांबरोबर काम करण्याची उत्तम क्षमता.' ही नुसती प्रतिज्ञा झाली. आता पायऱ्या चढू या. हेतू काय? 'चार देशांतल्या पाच जणांच्या गटात एक सत्र प्रकल्प केला.' उदाहरण? 'पावसाच्या नोंदी कशा वापरायच्या यावर गटात मतभेद झाले. दोन्ही पद्धतींनी गणित करून मी तुलना मांडली, आणि अहवाल मुदतीत गेला.' आता डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहतं की नाही?

चौथी पायरी उपनय, आणि नव्वद टक्के कागदांवर मला हीच दिसत नाही. नव्वद हा आकडा मोजलेला नाही हं, बोलण्याच्या ओघातला आहे. उपनय म्हणजे जवळ आणणं. 'तुमच्या कामाची परिस्थिती तशीच आहे' हे दाखवणं. नोकरीच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, पुण्यातला गट परदेशी ग्राहकाबरोबर काम करेल. मग त्या मुलीनं तिचा प्रकल्प आणि ही जागा यांच्यातला दुवा स्वतः जोडून द्यायला हवा. वाचणारा तो जोडेल, ही आशा धरू नये. आणि जाहिरात बदलली की उपनय बदलतो. म्हणून एकच कागद पन्नास ठिकाणी पाठवणं म्हणजे पन्नास डोंगरांना एकच धूर दाखवणं.

हेतू फसतो कसा

न्यायात दोषयुक्त हेतूला हेत्वाभास म्हणतात. दोन सांगतो, फार उपयोगी आहेत.

एक, अनैकांतिक. म्हणजे भटका हेतू. 'तिथं धूर असणार, कारण आग आहे.' पण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. तसंच, 'मी परदेशात राहिले, म्हणून मी जुळवून घेणारी आहे.' न जुळवून घेताही लोक राहतातच की! असा हेतू खोडून काढा आणि घट्ट हेतू शोधा.

दुसरा, स्वरूपासिद्ध. 'शब्द हा गुण आहे, कारण तो डोळ्यांना दिसतो.' शब्द दिसतच नाही, म्हणजे हेतूच मुळात नाही. गटात सदस्य होतो आणि लिहिलं 'नेतृत्व केलं', तर हा दोष. भाषेबाबत हे फार होतं. 'जर्मन: अस्खलित' असं लिहितात आणि मुलाखतीत समोरच्यानं जर्मनमध्ये दुसरं वाक्य विचारलं की संपलं. त्याऐवजी युरोपीय चौकटीतली पातळी लिहा. ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या आहेत. खरी बी-१ असेल तर बी-१ लिहा, परीक्षा दिली असेल तर वर्ष लिहा. प्रामाणिक बी-१चं वजन खोट्या 'अस्खलित'पेक्षा जास्त असतं, कारण ती तपासता येते.

आकड्यांचं भाषांतर

आता काही अगदी व्यावहारिक गोष्टी. जर्मनीत गुण १.० ते ५.० या श्रेणीत देतात. १.० सर्वोत्तम, ४.०पर्यंत उत्तीर्ण, ५.० म्हणजे नापास. तुमचे १.७ आलेत, म्हणजे छानच. पण इथं दहापैकी श्रेणी वाचायची सवय असलेला माणूस १.७ वाचून काय म्हणेल? तेव्हा कंसात श्रेणी लिहायचीच. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर अभ्यासाला ७० किंवा अधिक गुण म्हणजे सर्वोच्च श्रेणी. आपल्याकडे ७० टक्के ऐकून आत्यासुद्धा 'बरे आहेत' एवढंच म्हणते. तिथंही श्रेणीचं नाव लिहा.

युरोपात क्रेडिटची पद्धत आहे. पूर्ण वर्षाची ६० क्रेडिट, एका क्रेडिटला साधारण २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे एका सत्राची ३० क्रेडिट म्हणजे ७५० ते ९०० तास. 'एक सत्र परदेशात' म्हटलं की सहल वाटते, तास सांगितले की काम दिसतं.

सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पीएचडीचा प्रवेश हवा असेल तर पदवीच्या समकक्षतेचा प्रश्न येतो. हे काम भारतीय विद्यापीठ संघ करत आला आहे, आणि २०२५मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानंही याबाबत नवे नियम आणले. परत आल्याबरोबर आपली पदवी त्यात कशी बसते ते पाहून घ्या, जाहिरात निघाल्यावर धावपळ नको. खासगी कंपन्या सहसा हे विचारत नाहीत.

दुसऱ्याचा शब्द

नैयायिकांनी शब्द हेही प्रमाण मानलं, पण कुणाचाही शब्द नाही. आप्ताचा, म्हणजे जो जाणतो आणि खरं बोलतो त्याचा. शिफारसपत्राचं तत्त्व हेच. मोठ्या नावाच्या प्राध्यापकाचं ढोबळ पत्र घेण्यापेक्षा, ज्यांनी तुमचं काम आठवड्याला पाहिलं त्या साहाय्यकाचं नेमकं पत्र घ्या. आणि निघायच्या आधी घ्या. दोन वर्षांनी ईमेल केल्यावर आठवण पुसट झालेली असते.

जर्मनीत नोकरी केली असेल, अगदी शिकता शिकता आठवड्याला काही तासांची का असेना, तर मालकाकडून कामाचं लेखी प्रमाणपत्र मागण्याचा कायदेशीर हक्क असतो. त्याची भाषाही मोठी मजेची आहे. वरकरणी सगळं गोड. पण 'आमच्या समाधानाप्रमाणे काम केलं' याचा अर्थ जेमतेम, आणि 'नेहमी, आमच्या पूर्णातिपूर्ण समाधानाप्रमाणे' याचा अर्थ उत्कृष्ट! तेव्हा ते पत्र जाणकाराकडून वाचून घ्या, आणि इथं देताना सोबत भाषांतर द्या.

याच ओघात बेकरीतल्या, हॉटेलातल्या कामाबद्दल. मुलं ते लपवतात. घरीही सांगत नाहीत. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. पहाटे पाचला परक्या भाषेत ग्राहक सांभाळून नऊला वर्गात बसणारा माणूस मला तरी विश्वासाचा वाटतो. पण कागदावर ते कधी घालायचं? जेव्हा त्यातून जाहिरातीतलं काही सिद्ध होतं तेव्हा. संशोधनाच्या जागेसाठी अर्ज असेल तर एक ओळ पुरे. ग्राहकांशी संबंधित काम असेल तर तीच ओळ वर आणा.

एक चिठ्ठी आलीय, ती वाचतो. 'परत का आलात, या प्रश्नाचं उत्तर काय द्यावं?'

खरं द्यावं. आईवडिलांसाठी आलो, तिथं मुदतीत नोकरी मिळाली नाही, इथं काम करायचं होतं, यातलं जे खरं असेल ते एका वाक्यात सांगायचं आणि दुसऱ्या वाक्यात 'आता इथं मला हे करायचंय' याकडे वळायचं. नोकरी न मिळणं हा काही गुन्हा नाही. तिथल्या बाजाराची, व्हिसाच्या मुदतीची, भाषेची कारणं असतात. मात्र त्या देशाला शिव्या देऊ नका, आणि या देशालाही नकोत. दर तिसऱ्या वाक्याला 'आमच्याकडे जर्मनीत' म्हणणारा माणूस कुणालाच शेजारच्या टेबलावर नको असतो.

शेवटी एकच काम सांगतो. आज घरी गेल्यावर कोऱ्या कागदावर तिथल्या पाच घटना लिहा, ज्यात तुम्हाला काही ठरवावं लागलं. विशेषणं एकही नको. कोण होतं, काय अडलं, तुम्ही काय केलं, पुढे काय झालं. जे अजून तिथंच आहेत त्यांनी दर रविवारी एक लिहावी, कारण वर्षभरानं तपशील जातात आणि मग विशेषणंच उरतात. या पाचांतून रेझ्युमेच्या ओळी निघतील, मुलाखतीची उत्तरं निघतील. आणि हप्त्याच्या काळजीनं स्वतःबद्दल शंका येईल त्या रात्री, आपण नेमकं काय केलं याचा पुरावा तुमच्याच हस्ताक्षरात तुमच्याजवळ असेल. परार्थानुमान नीट मांडता मांडता स्वार्थानुमानही पक्कं होतं, ते असं.

बाकीच्या चिठ्ठ्या पुढच्या वेळी घेऊ.