साधनेला फुरसत लागत नाही

वेसवीच्या जेटीवर उभं राहिलं की बाणकोटची खाडी आणि पलीकडचं बागमांडला समोर दिसतं. फेरीबोट पलीकडे असली की इकडच्यांनी वाट बघायची. कुणी वडापाव खातो, कुणी मोबाइल काढतो. मागच्या पावसाळ्याआधी माझ्या शेजारी मोटारसायकल स्टँडला लावून एक पन्नाशीचे गृहस्थ उभे होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बोलता बोलता कळलं, आठवड्यातून तीनदा माल पोचवायला ते श्रीवर्धनला जातात. "बोट येईपर्यंत हरिपाठाचे पाच-सहा अभंग होतात," ते म्हणाले. "लवकर आली तर उरलेले पाण्यावर."

मंडणगडात, आणि इथून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांत, साधनेचा विषय निघाला की उलट सूर ऐकू येतो: वेळ कुठाय? घरात शांतता कुठाय? आपल्याला ते जमायचं नाही. या नकारांमागे काही पक्के गैरसमज आहेत. एकेक करून पाहू.

गैरसमज : हे सगळं रिटायर झाल्यावर, संसारातून मोकळं झाल्यावर.

वस्तुस्थिती : महाराष्ट्राची सगळ्यात मोठी भक्तिपरंपरा हातात काम असलेल्या माणसांनी उभी केली. अरणचे सावता माळी मळ्यात राबत, तेरचे गोरोबा चिखल तुडवत, नरहरी सोनार दागिने घडवत, सेना महाराज हजामत करत. जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करत, आणि त्यांच्या रचनांत जातं, उखळ, शेणी हेच येतं. पैठणच्या एकनाथांनी संसार करतच लेखन केलं. वारकऱ्याचा नेम पाहा: गळ्यात तुळशीची माळ, एकादशी, हरिपाठ, पंढरीची वारी. घर सोडण्याची अट त्यात कुठेच नाही. कामातून वेगळा वेळ काढता आला तर उत्तम. नाहीच आला, तर काम हीच जागा.

गैरसमज : साधना म्हणजे पूजाअर्चा, सोवळंओवळं. ती ठरावीक घरांतच व्हायची.

वस्तुस्थिती : याचं उत्तर मंडणगड तालुक्यातच आहे. आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते. संतांचे अभंग आणि कबीराचे दोहे हा घरातला रोजचा पाठ होता, आणि मुलांनाही त्याला बसावं लागे. ज्या समाजाला देवळाचं दार बंद होतं, त्याच्या घरात साधना अशी चालू होती. तिला पुजारी लागला नाही की गाभारा.

पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तिथे घेतलेल्या पंचशीलात देवाकडे काही मागणं नाही. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही, असे ते पाच निश्चय. विहारात वंदना म्हणून झाली तरी त्यांची कसोटी लागते ती बाजारात, घरात, गुत्त्याच्या दारात. बाणकोट, म्हाप्रळच्या मुसलमान घरांत वजू करून पाच वेळा नमाज होते. हातातलं काम थांबवायचं आणि पुन्हा त्याच कामाला लागायचं. वाटा वेगळ्या आहेत, पण ठरलेल्या वेळी स्वतःला थांबवणं सगळीकडे आहे.

गैरसमज : ध्यान म्हणजे डोकं रिकामं करणं. माझ्या डोक्यात विचार थांबत नाहीत, म्हणजे मला जमणार नाही.

वस्तुस्थिती : ही तक्रार फार जुनी आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हेच म्हणतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. कृष्ण ते नाकारत नाही. उपाय म्हणून तो दोनच गोष्टी सांगतो, अभ्यास आणि वैराग्य.

इगतपुरीच्या धम्मगिरीत 1976 पासून विपश्यनेची शिबिरं होतात. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले काही दिवस नुसता येणारा-जाणारा श्वास पाहायचा असतो. मन दर मिनिटाला पळतं. ते पळालं हे कळणं आणि त्याला परत आणणं, एवढीच कसरत. खाडीत नांगरलेली होडीही लाटांवर डुलतेच. नांगर तिला वाहून जाऊ देत नाही, इतकंच. या शिबिरांना फी नसते. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ती चालतात. त्यामुळे साधना म्हणजे पैसेवाल्यांचा छंद, हा समजही जाता जाता पुसून टाकावा.

गैरसमज : 21 दिवस नेमाने केलं की सवय लागते, मध्ये एक दिवस चुकला की सगळं वाया.

वस्तुस्थिती : 21 चा आकडा पसरला तो मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकामुळे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. जपाशी त्याचा संबंध नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर 12 आठवडे अभ्यास केला. खाणं, पिणं, व्यायाम यांतली एक साधी कृती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडून करायची होती. ती अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक 18 पासून 254 दिवसांपर्यंत असेल, असा अंदाज त्यातून निघाला. मधला आकडा 66. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही. हा अभ्यास साधनेवर नव्हता, पण त्यातून घेण्यासारखं बरंच आहे. लावणीच्या दिवसांत कंबर मोडते, शिमग्यात पालखी घरोघर फिरते, गणपतीत घर पाहुण्यांनी भरतं. नेम मोडणारच. मोडला तर दुसऱ्या दिवशी धरायचा. "मोडलाच आहे तर आता पुढच्या महिन्यापासून" हे नको.

गैरसमज : साधना खरी असेल तर आजार पळतात, काहीतरी दिसतं, अंगात संचारतं.

वस्तुस्थिती : सिद्धी आणि चमत्कार यांच्या मागे लागू नका, असं संतांनीच बजावलं आहे. कायदाही इथे स्पष्ट आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात पूजा, वारी, भजन, कीर्तन, प्रवचन यांना पूर्ण मोकळीक आहे. पण साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. कोकणात हे लक्षात ठेवायलाच हवं: साप चावला की आधी सरकारी दवाखाना, देवाचं नाव घ्यायचं ते वाटेत गाडीत.

मनाच्या आजाराचंही तेच. झोप उडाली, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटू लागलं, तर माळ वाढवून भागत नाही. 'टेलि-मानस'चा 14416 हा सरकारी क्रमांक 2022 पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं. मानसिक आजारावर औषधं चालू असतील तर दीर्घ मौनाच्या शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

मग सुरुवात कुठून?

आधीच रोज घडणाऱ्या एका गोष्टीपासून. चुलीवर चहाचं आधण ठेवलं की उकळी येईपर्यंत, तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावला की, एसटी सुटायच्या आधी खिडकीशी बसलं की. पाच मिनिटं पुरेत. जप, श्वास, वंदना, दुआ, नाहीतर आज आपण कुणाशी कसं वागलो याची नुसती उजळणी. जे आपलं वाटतं ते. आणि प्रगती मोजायची झालीच तर डोळे मिटल्यावर काय दिसतं याने मोजू नये. घरच्यांना विचारावं, मी हल्ली कमी चिडतो का?

त्या दिवशी फेरीबोट लवकर आली. रॅम्प खाली आदळला, लोकांची घाई उडाली. एक रिक्षावाला मध्येच पुढे घुसला. गृहस्थांनी त्याच्याकडे पाहिलं, गाडी दोन हात मागे घेतली, त्याला जाऊ दिलं. मग कठड्याला टेकून उभे राहिले, आणि ओठ पुन्हा हलू लागले.